सॅडलर्स वेल्सची जोन

ऑपेरा हाऊस म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांपुढे मुंबईतला तो चौक येतो. कॉलेजात असताना मामाकडे गिरगावात गेले, की बसचा कंडक्टर 'ऑपेरा हाऊस, ऑपेरा हाऊस' असं ओरडायचा. १९११ सालचं ते थिएटर तेव्हा बंदच होतं (ते पुन्हा उघडलं २०१६ मध्ये). आत पूर्वी काय चालायचं, हे मी कधी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

ते कळलं लंडनला. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला आईने जायचं ठरलं होतं, पण तिच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि माझी वर्णी लागली. डिंकाचे लाडू, बाळाच्या टोपड्या, सगळं बांधून निघाले. बहिणीच्या घराजवळून जाणारी बस सॅडलर्स वेल्स नावाच्या थिएटरवरून जायची. नावातलं 'वेल्स' म्हणजे चक्क विहिरी! १६८३ साली सॅडलर नावाच्या माणसाला तिथं औषधी पाण्याची विहीर सापडली, लोक यायला लागले, आणि त्यांची करमणूक म्हणून गाणंबजावणं सुरू झालं. आताची इमारत १९९८ ची आहे आणि तिथं मुख्यतः नृत्याचे कार्यक्रम होतात. पण एकेकाळी हे ऑपेराचं घर होतं आणि एक बाई ते चालवत होती, असं बहिणीने सांगितलं. मग काय, तिच्या लायब्ररीच्या कार्डावर पुस्तकं आणली आणि बाळ झोपलं की वाचत बसले.

ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचं लांबचं भावंड म्हणा. फरक एवढाच, की आपल्याकडे गद्य आणि पदं असतात, तिथं बहुतेक सगळंच गाऊन. 'दार लाव' हेसुद्धा सुरात! एक गंमत सांगते. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये एमा कॉन्स नावाच्या बाईंनी एक बदनाम थिएटर चालवायला घेतलं. या बाई गरिबांच्या घरांसाठी काम करणाऱ्या, म्हणजे आमच्याच जातकुळीतल्या समाजसेविका. नवरे पगार घेऊन दारूच्या गुत्त्यात जातात, त्यांना दुसरी जागा हवी, म्हणून त्यांनी दारूऐवजी कॉफी आणि स्वच्छ करमणूक दिली. आपल्याकडे दारूबंदीसाठी बायका मोर्चे काढतात, बाटल्या फोडतात. या बाईंनी नाटकगृह काढलं! मला हा विचार फार आवडला.

१९१२ मध्ये एमाबाई गेल्या आणि कारभार भाची लिलियन बेलिस यांच्याकडे आला. ऑपेरा हा तिकडे श्रीमंतांचा शौक, तोही बहुधा इटालियन, फ्रेंच, जर्मन भाषेत. लिलियनबाईंनी तो इंग्रजीत आणि स्वस्त तिकिटात कामकरी लोकांना दाखवला. काटकसरी इतक्या, की पडद्यामागे गॅसच्या शेगडीवर स्वतः काहीतरी तळत उभ्या असायच्या आणि त्याचा वास प्रेक्षकांपर्यंत जायचा म्हणे. पडझड झालेलं सॅडलर्स वेल्स पैसे गोळा करून १९३१ मध्ये उघडलं, तेही त्यांनीच.

याच लिलियनबाईंच्या कोरसमध्ये १९२० च्या दशकात एक मुलगी दाखल झाली, जोन क्रॉस. जन्म १९०० चा, शाळेत संगीत शिकवायला गुस्ताव होल्स्टसारखा नामवंत संगीतकार. कोरसमधून पुढे येत ती मुख्य गायिका झाली. (तिला मी एकेरी संबोधते आहे, पण ते जवळिकीने.)

मग महायुद्ध आलं. १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात बेघर झालेल्या कुटुंबांना आसरा म्हणून सॅडलर्स वेल्स दिलं गेलं. जिथं राजाराणीची गाणी व्हायची तिथं पोराबाळांची अंथरुणं पडली. ऑपेरा कंपनी मोजकी माणसं आणि चार वाद्यं घेऊन गावोगाव निघाली. उत्तरेतलं बर्नली, म्हणजे सूतगिरण्यांचं गाव, आपलं इचलकरंजीच समजा, तिथं मुक्कामाचं ठाणं होतं. ज्यांनी ऑपेरा कधी पाहिला नव्हता अशांच्या पुढे मोझार्ट गायला गेला. अशा दिवसांत, १९४३ मध्ये, कंपनीची सूत्रं जोनच्या हातात आली. तालमी, पगार, रुसवेफुगवे, शिवाय ब्लॅकआऊट. पुरुष लढाईवर गेलेले, तेव्हा बाईला खुर्ची मिळाली, हेही खरंच आहे. संकटात बाई चालते!

आता मुख्य गोष्ट. लंडनचं थिएटर पुन्हा उघडायचं तर कोणत्या खेळाने? सुरक्षित उत्तर होतं, कुठलाही जुना, लोकांच्या ओठावरचा परदेशी ऑपेरा. इंग्लंडची यात मोठी पंचाईत होती. नाटकात त्यांचा शेक्सपियर, पण ऑपेरात हेन्री पर्सेलनंतर अडीचशे वर्षं जगाने मान डोलवावी असं फारसं काही नाही. आणि पर्सेलच्या 'डायडो आणि ईनियस'चा पहिला ज्ञात प्रयोग झाला तो १६८९ च्या सुमारास एका मुलींच्या शाळेत! शाळेच्या गॅदरिंगला कमी लेखू नका बायांनो.

जोनने निवडलं एकतीस वर्षांच्या बेंजामिन ब्रिटनचं कोरं करकरीत 'पीटर ग्राइम्स'. आडनाव ऐकून देशाचंच नाव वाटतं, पण अक्षरं वेगळी आहेत. समुद्रकाठच्या सफोकचा हा मुलगा अमेरिकेत असताना त्याने आपल्याच भागातल्या जॉर्ज क्रॅब या जुन्या कवीबद्दल वाचलं, गावाची ओढ लागली आणि १९४२ मध्ये तो परतला. क्रॅबच्याच काव्यातून हा ऑपेरा जन्मला.

गोष्ट एका कोळ्याची. त्याच्या हाताखालचा पोरगा समुद्रावर मरतो आणि सगळं गाव त्याच्याकडे खुनी म्हणून बघू लागतं. एकटी एलन ऑरफर्ड, विधवा शाळामास्तरीण, त्याच्या बाजूने उभी राहते. दुसऱ्या पोरालाही तीच घेऊन येते. पण एक दिवस तिला त्या पोराच्या अंगावर वळ दिसतो. पुढे समुद्राने काठावर टाकलेला एक स्वेटर सापडतो. त्यावरचं भरतकाम तिनेच केलेलं असतं. टाके ओळखून तिला कळतं, की तो पोरगाही गेला. हे वाचताना माझ्या हातात बाळाचं टोपडं होतं, ते मी खाली ठेवलं. आपण घातलेला टाका आपण अंधारातही ओळखतो, नाही का? ज्याच्यावर विश्वास टाकला तो त्या विश्वासाला पुरा पडला नाही, हे त्या टाक्यांनी तिला सांगितलं. ग्राइम्स नुसता दुष्टही नाही आणि नुसता बिचाराही नाही. एलनची भूमिका जोननेच गायली आणि ग्राइम्सची पीटर पीअर्सने.

कंपनीत मात्र धुसफूस सुरू झाली. हे कसले बेसूर संगीत, असं काहींचं म्हणणं. शिवाय बेंजामिन आणि पीटर दोघेही युद्धात शस्त्र धरायला नकार देणारे, ज्यांच्या घरची माणसं लढत होती त्यांना ते सलणारच. बाई आपल्या मित्रमंडळींना पुढे करतात, हा ठेवणीतला आरोपही झाला. आता, संचालिका जोन आणि मुख्य भूमिकाही जोनच, म्हटल्यावर बोलायला जागा होतीच, असं मलासुद्धा वाटतं. पण एलन तिच्याइतकी कुणी गायली असती का, तेही विचारायला हवं. तालमी दौऱ्यावर, मिळेल त्या सभागृहात झाल्या. युरोपातलं युद्ध ८ मे रोजी संपलं आणि ७ जून १९४५ ला पडदा उघडला. शेवटी क्षणभर शांतता होती, मग टाळ्या थांबेनात. त्या मार्गावरचा बसचा कंडक्टर थिएटरच्या स्टॉपवर ग्राइम्सच्या नावाने पुकारा करायचा, असंही सांगतात. माझा गिरगावचा कंडक्टर आठवला!

एवढं यश मिळाल्यावर जोनचा सत्कार झाला असेल असं वाटेल. झालं उलटंच. विरोध शमला नाही आणि त्याच वर्षी तिने ते घर सोडलं. दिग्दर्शक एरिक क्रोझियर आणि पीटरही बाहेर पडले. पुढच्याच वर्षी 'पीटर ग्राइम्स' स्वीडन आणि अमेरिकेत पोचलं, पण ज्या थिएटरने त्याला जन्म दिला तिथं त्याची नवी निर्मिती व्हायला १९६३ उजाडलं.

माझी गोष्ट याच्यापुढे अगदीच किरकोळ, तरी सांगते. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी मी आमच्याच गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचं नाटक सुचवलं होतं. 'आपल्या गावच्या बाईंचं कोण बघायला येणार?' असं म्हणून नेहमीचं गाजलेलं विनोदी नाटक ठरलं. मी गप्प बसले. वर त्यात कामही केलं. जोनचं वाचताना ते गप्प बसणं आठवत राहिलं.

ती मात्र खुर्ची गेली म्हणून बसून राहिली नाही. बेंजामिनच्या आणखी चार ऑपेरांत पहिल्यांदा गायली. त्यातला 'ग्लोरियाना' १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त झाला. समोर खरी राणी आणि रंगमंचावर जोन, पहिली एलिझाबेथ! म्हातारी होत चाललेली, हळवी, हट्टी राणी. नटूनथटून आलेल्या पाहुण्यांना ते काही रुचलं नाही, टाळ्या थंडच पडल्या. पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये ती 'द टर्न ऑफ द स्क्रू'मधली मिसेस ग्रोस झाली, वाड्यावरची भाबडी कारभारीण. राणीनंतर कारभारीण, आणि दोन्ही तितक्याच मनापासून. याशिवाय १९४८ मध्ये अ‍ॅन वूड या गायिकेबरोबर तिने नव्या गायकांसाठी शाळा काढली होती. ज्या कंपनीतून ती निघाली, तिचंच पुढे १९७४ मध्ये 'इंग्लिश नॅशनल ऑपेरा' असं नाव झालं. १९९३ मध्ये जोन वारली, ती ऑल्डबरोला, बेंजामिनच्या समुद्रकाठच्या गावी.

लंडनहून आल्यावर त्या शिक्षिकाबाईंकडे गेले. वही अजून जपून होती, पानं थोडी पिवळी पडलेली. झेरॉक्स काढून आणली आहे. नाटकात बायकांच्या सात भूमिका आहेत आणि आत्तापर्यंत पाचजणी तयार झाल्या आहेत.