फॅटी लिव्हरवर वनस्पतींचे अर्क : आशा किती, पुरावा किती?

विनयपिटकाच्या महावग्गात 'भेसज्जक्खन्धक' नावाचा भाग आहे. आजारी भिक्खूंनी कोणती औषधे घ्यावीत याचे नियम त्यात आले आहेत. मुळांच्या औषधांत हळद, आले, वेखंड, वाळा, नागरमोथा यांच्या जोडीला कटुकरोहिणी, म्हणजेच कुटकी, हिचेही नाव आहे. यांपैकी हळद आणि कुटकी यांचे अर्क आज शास्त्रज्ञ यकृताच्या आजारांसाठी तपासत आहेत. याचा आपल्याला आनंद वाटणे साहजिक आहे. मात्र याच भावनेचा फायदा घेऊन मोबाईलवर 'लिव्हर साफ करणारी' चूर्णे आणि कॅप्सूलही विकली जातात. म्हणून नेमके काय सिद्ध झाले आहे, हे तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

आजार काय आहे?

यकृतात थोडी चरबी असतेच. ती ५ टक्क्यांच्या वर गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूने हा आजार होतो हे सर्वांना माहीत आहे. पण पाचवे शील काटेकोर पाळणाऱ्या उपासक-उपासिकांच्या सोनोग्राफीतही 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असे लिहून येते. वाढलेला पोटाचा घेर, मधुमेह, गोड पेये आणि बैठे काम ही त्यामागची मुख्य कारणे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि जादा साखरेची यकृतात चरबी होते. आपल्याकडे अंगाने बारीक दिसणाऱ्यांनाही हा आजार होतो.

बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, मग ते आतून कडक होऊ लागते आणि पुढे सिऱ्हॉसिस किंवा कर्करोगापर्यंत गोष्ट जाते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने या आजाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला, तो यामुळेच.

वनस्पतींचा हिशेब

युरोपात यकृतासाठी जुन्या काळापासून वापरली जाणारी वनस्पती म्हणजे मिल्क थिसल. तिच्या बियांतून सिलिमरिन मिळते. मलेशियात ९९ रुग्णांवर ४८ आठवडे चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना सिलिमरिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी दिली होती. ठरवलेल्या मुख्य निकषावर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. यकृताचा कडकपणा कमी होण्याची काही चिन्हे मात्र दिसली. म्हणजे दार बंद झालेले नाही, पण औषध सिद्धही झालेले नाही.

दारुहळदीत बर्बेरिन असते. चीनमध्ये १८४ रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली. आहार आणि व्यायामाला बर्बेरिनची जोड दिलेल्या गटात यकृतातली चरबी सुमारे ५३ टक्क्यांनी घटली. फक्त आहार आणि व्यायाम करणाऱ्या गटातही ती सुमारे ३६ टक्क्यांनी घटली. जाहिरातीत पहिला आकडा छापला जातो, दुसरा नाही. गरोदर स्त्रियांनी बर्बेरिन घेऊ नये, हेही जाहिरातीत क्वचितच असते.

हळदीतील कर्क्युमिनच्या छोट्या चाचण्यांत चांगले परिणाम दिसले. पण हळदीत कर्क्युमिन असते साधारण ३ टक्के, आणि तेही आतड्यातून फारसे शोषले जात नाही. त्यामुळे भाजीतली हळद आणि चाचणीतला अर्क या वेगळ्या गोष्टी आहेत. कुटकीपासून लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने 'पिक्रोलिव्ह' तयार केले. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने यकृताचे रक्षण केले, पण माणसांच्या फॅटी लिव्हरवर त्याचा भक्कम पुरावा अजून नाही.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे

२०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सर्वांनी कोरोनाच्या भीतीने गुळवेल घेतली होती. पुढे देशभरातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षांवर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचे म्हटले. पण बाजारातून आणलेल्या पुडीत नेमकी कोणती वनस्पती आहे हे ग्राहकाला तरी कुठे कळते? कर्क्युमिनच्या गोळ्या आणि ग्रीन टीचा दाट अर्क यांनीही काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शेवटी अर्क पचवण्याचे कामही त्याच यकृताला करावे लागते.

तक्षशिलेत जीवकाला त्याच्या आचार्यांनी औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले. एक योजन परिसर धुंडाळून तो रिकाम्या हाताने परतला. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण प्रत्येक वनस्पतीचा गुण ओळखता यावा म्हणून जीवकाने आधी सात वर्षे अभ्यास केला होता, हेही सांगितले पाहिजे. कालाम सुत्तात भगवान बुद्धांनी परंपरा आहे म्हणून किंवा ऐकले म्हणून स्वीकारू नका असे सांगितले. तो निकष औषधालाही लागू आहे.

मग करायचे काय?

वजन जास्त असेल तर ते ७ ते १० टक्क्यांनी घटवल्यास यकृताची सूजही कमी होते. ८० किलोच्या माणसासाठी हे ६ ते ८ किलो झाले. संयुत्त निकायात अति जेवणाऱ्या पसेनदी राजाला बुद्धांनी मात्रा राखून खाण्याचा उपदेश केल्याचे आले आहे. राजाने आहार हळूहळू कमी केला, एका दिवसात नाही. आपणही सरबत आणि थंड पेयांपासून सुरुवात करू शकतो.

विहारात आरोग्य शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्तदाब आणि साखरेबरोबर कंबरेचा घेरही मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर डॉक्टरांकडे पाठवावे. घरी कोणते चूर्ण, काढा, गोळी चालू आहे हे प्रत्येकाला विचारून कागदावर लिहून द्यावे, कारण डॉक्टरांसमोर लोक ते सांगत नाहीत. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर ते ताबडतोब बंद करून रुग्णालय गाठायला सांगावे. आणि शिबिराच्या मंडपात 'लिव्हर डिटॉक्स'चा स्टॉल लावू देऊ नये. तसा स्टॉल लागला की लोकांना वाटते, विहारानेच त्याची हमी घेतली आहे.