काही साइट उघडतात, काही नाही
बाकीच्या साइट चालतात आणि एखादीच अडते, तेव्हा ती त्याच वायफायवर मोबाइलमध्ये उघडून पाहावी. उघडली तर दोष बहुधा संगणकातच. सुरक्षिततेचा इशारा येत असल्यास आधी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल संपला की जुन्या संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि साइटचे प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटते. तारीख दुरुस्त केली की साइट उघडते. सेल मात्र बदलावाच लागतो. घड्याळ बरोबर असेल, तर संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेवर. नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून पाहावे. तरीही अडले, तर होस्ट्स फाइल, म्हणजे साइटची नावे आणि त्यांचे आयपी पत्ते नोंदवणारी संगणकातलीच फाइल तपासावी; काही व्हायरस तिथे गुपचूप ओळी घालून नेमक्या अँटिव्हायरसच्याच साइट रोखतात.