लॉरेन्स फर्लिंगेटी
लॉरेन्स फर्लिंगेटी (२४ मार्च, १९१९ : याँकर्स, न्यू यॉर्क – २२ फेब्रुवारी, २०२१ : सॅन फ्रान्सिस्को) हे अमेरिकन कवी, चित्रकार व प्रकाशक होते. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात अधिकारी होते. अणुबॉम्बने बेचिराख झालेले नागासाकी पाहून ते युद्धविरोधी झाले.

१९५३मध्ये पीटर मार्टिन यांच्यासह त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत 'सिटी लाइट्स' हे ग्रंथदालन काढले. १९५५पासून तेथूनच त्यांनी खिशात मावणारे स्वस्त कवितासंग्रह प्रकाशित केले. ॲलन गिन्सबर्ग यांच्या 'हाउल'मुळे (१९५६) त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. या कृतीला सामाजिक मूल्य आहे, असे मानून न्यायालयाने १९५७मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. प्रकाशनस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा निकाल महत्त्वाचा ठरला.

'अ कोनी आयलंड ऑफ द माइंड' (१९५८) या त्यांच्या संग्रहाच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. बीट कवींचे प्रकाशक असूनही ते स्वतःला आधीच्या पिढीतील, रूढी न जुमानणारे बोहेमियन मानत.