मॉरिशसचा प्रवास आणि ऋतुविचार : रुग्णास कोणता काळ सुचवावा?

गेल्या काही वर्षांत आपल्या रुग्णांचे परदेशगमन वाढले आहे. त्यांत मॉरिशस हे नाव वारंवार ऐकू येते. मुंबईहून सुमारे सहा तासांचे उड्डाण, घड्याळात अवघा दीड तासाचा फरक, आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या वसलेला मराठी समाज, अशी या बेटाची ओढ आहे. रुग्ण येतो तो बहुधा तिकिटे काढून झाल्यावर, आणि म्हणतो, "वैद्यराज, सोबत काहीतरी औषध द्या." वास्तविक त्याने विचारावयास हवे होते ते हे, की जावे केव्हा? प्रवासी कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते : बाराही महिने हवा उत्तम. निरोगी तरुणास ते पुरेल. तमकश्वासाच्या, आमवाताच्या वा अम्लपित्ताच्या रुग्णास मात्र ते पुरत नाही.

नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेस जितके अंतर आहे, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेस आहे. म्हणजे अक्षांश तोच, दिशा उलटी. आणि त्यामुळे ऋतूही उलटे. आपल्याकडे हेमंत असतो तेव्हा तेथे उन्हाळा, आणि आपला आषाढ-श्रावण हा तेथील हिवाळा. नोव्हेंबरच्या आणि जानेवारीच्या उत्तरार्धात तेथे माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. उत्तरायण म्हणजे आदानकाल व दक्षिणायन म्हणजे विसर्गकाल, हे आपण मुखोद्गत केलेले समीकरण त्या भूमीवर जसेच्या तसे लावता येत नाही. आपण संक्रांतीस तिळगूळ देतो तो थंडी आहे म्हणून. त्याच दिवशी तेथे उष्ण-स्निग्ध तिळाचे प्रयोजन केवळ सणापुरतेच उरते!

यात शास्त्रविरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. सुश्रुताचार्यांनी ऋतूंच्या दोन गणना दिल्या आहेत. एकीत शिशिर आहे, दुसरीत प्रावृट्. टीकाकारांनी त्याची संगती देशभेदाने लावली, की गंगेच्या उत्तरेस हेमंत-शिशिर आणि दक्षिणेस प्रावृट्-वर्षा. एका नदीच्या दोन तीरांवर ऋतुगणना बदलत असेल, तर विषुववृत्त ओलांडल्यावर ती बदलावी यात नवल नाही. ऋतू ओळखावयाचा तो शीत, उष्ण व वर्षा या लक्षणांवरून. पंचांगातील मासनामावरून नव्हे.

आता तेथील प्रत्यक्ष मान पाहू. उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल, हिवाळा जून ते सप्टेंबर. मे आणि ऑक्टोबर हे संधिमास. दोन्ही ऋतूंच्या सरासरी तापमानात फरक जेमतेम चार अंशांचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाचे कमाल तापमान सरासरी 29 अंशांच्या आसपास, तर जुलै-ऑगस्टमध्ये रात्रीचे किमान सुमारे 16 अंश. हे आकडे पाहून विदर्भातील वाचकास हसू येईल. परंतु येथे उष्णतेपेक्षा क्लेद महत्त्वाचा आहे. पाऊस मुख्यत्वे उन्हाळ्यातच पडतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वाधिक आणि ऑक्टोबरमध्ये सर्वांत कमी. म्हणजे तेथील उन्हाळा हा आपला रूक्ष ग्रीष्म नसून, ग्रीष्म आणि वर्षा एकत्र कालविल्यासारखा, आनूप देशातील सक्लेद काळ आहे.

या काळात आपला रुग्ण कोणत्या अवस्थेत तेथे उतरतो? डिसेंबर-जानेवारीत तो पुण्या-नागपुराहून निघतो, तेव्हा त्याचा अग्नी हेमंताने प्रबळ केलेला असतो. बाजरीची भाकरी, लोणी, डिंकाचे लाडू, अश्वगंधा पाक हे सर्व त्यास पचत असते. सहा तासांनी तो घामाने भिजविणाऱ्या दमट हवेत पोहोचतो. अग्नी मंदावतो, आहार मात्र तोच राहतो, वर निवासस्थानातील भरपेट न्याहारी आणि मासळी. आम व क्लेद यांची उत्पत्ती व्हावयास आणखी काय हवे? आमवात आणि तमकश्वास या दोन व्याधींत आम्ही डिसेंबर ते मार्चचा प्रवास स्पष्टपणे टाळावयास सांगतो. औषधालयाच्या चालकांनीही प्रवासास निघालेल्या ग्राहकास हिवाळी पाक सोबत देण्यापूर्वी तो कोठे निघाला आहे, एवढे विचारावे.

दुसरे कारण चक्रीवादळांचे. वादळे विशेषेकरून जानेवारी ते मार्च या महिन्यांत येतात. तेथील वेधशाळा चार श्रेणींत इशारे देते. तिसरी श्रेणी जाहीर झाली की वाहतूक थांबते आणि लोक घराबाहेर पडत नाहीत. जानेवारी 2024 मध्ये 'बेलाल' वादळाच्या वेळी राजधानी पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर पुराचे पाणी भरले होते. अशा वेळी श्वासाचा रुग्ण बंद, दमट खोलीत अडकतो आणि विमानही लांबते. अपरिहार्य कारणाने या काळात जाणाऱ्यास परतीच्या दिनांकापुढे निदान एका आठवड्याचे औषध अधिक द्यावे.

डासांचाही विचार करावा लागतो. 2006 साली आपल्या महाराष्ट्रात चिकुनगुन्याने सांधे धरलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले. त्याच सुमारास मॉरिशस व शेजारच्या रियुनियन बेटावरही ती साथ होती. 2025 मध्ये रियुनियनवर ती पुन्हा मोठ्या प्रमाणात उद्भवली आणि मॉरिशसमध्येही रुग्ण आढळले. जुना संधिवात असलेल्यास पावसाळी महिने टाळण्यास हे आणखी एक कारण.

मग जून ते सप्टेंबर? क्लेद कमी, वादळे नाहीत, गणेशचतुर्थीही याच काळात येते आणि तेथे त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. कफप्रधान व पित्तप्रधान रुग्णांस हा काळ मानवतो. परंतु या महिन्यांत आग्नेयेकडून वारे जोराने वाहतात आणि वातरुग्णास ते सोसत नाहीत. येथे एकाच बेटावरील देशभेद ध्यानात घ्यावा. पूर्व किनारा वाऱ्याच्या तोंडावर आहे. मधले पठार, क्युरपिपचा परिसर, थंड व पावसाळी. पश्चिम किनारा तुलनेने कोरडा व आडोशाचा. संधिगतवाताच्या रुग्णास जुलैत जावयाचेच असेल, तर मुक्काम पश्चिमेकडे ठेवावा, अभ्यंगाचे तेल सोबत न्यावे आणि संध्याकाळचे समुद्रस्नान वर्ज्य करावे. महाशिवरात्रीस गंगा तलावाच्या यात्रेला जाऊ इच्छिणाऱ्या भाविकांची गोष्ट निराळी. तो दिवस पावसाळी उन्हाळ्यातच येतो, तेव्हा निदान पायी चालण्याचा हट्ट वृद्धांनी धरू नये.

आमच्या मते बहुसंख्य रुग्णांस ऑक्टोबर हा महिना सर्वोत्तम, आणि त्याखालोखाल मे. ऑक्टोबरात आपल्याकडे शरदाचे ऊन पित्त प्रकुपित करीत असते. तेथे हवा कोरडी आणि समशीतोष्ण असते, समुद्रही हळूहळू उबदार होऊ लागतो. मे महिन्यात आपल्या ग्रीष्मातून तेथील सौम्य संधिमासात जाणे बल राखणारे ठरते. योगायोगाने दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुटीही याच सुमारास असते. नाताळातील दरांपेक्षा खर्चही बहुधा कमी पडतो, हे सांगावयास वैद्य नको.

औषधालयांसाठी दोन सूचना आवश्यक वाटतात. पहिली अतिशय गंभीर आहे. जातीफलादी चूर्णाचा भांगयुक्त पाठ, मदनानंद मोदक, अहिफेनयुक्त कर्पूररस यांसारखी औषधे प्रवाशाच्या हाती कदापि देऊ नयेत. अतिसारासाठी 'सोबत असू द्या' म्हणून दिलेली एक डबी रुग्णास परदेशात तुरुंग दाखवू शकते. मॉरिशसचे अमली पदार्थविषयक कायदे अत्यंत कडक आहेत. अतिसाराकरिता कुटजघन वटी पुरेशी आहे. दुसरी सूचना साठवणीची. हिंग्वाष्टक, लवणभास्कर ही लवणयुक्त चूर्णे दमट हवेत ओली होऊन गोळा होतात आणि गुग्गुळकल्प चिकटतात. शक्य तेथे वटी द्यावी आणि ती घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत, मूळ छापील लेबल व चिठ्ठीसह द्यावी. हातातील सामानात 100 मिलिलीटरहून मोठी द्रवाची बाटली चालत नाही, तेव्हा आसव-अरिष्टांची भर न घातलेलीच बरी.

शेवटी शोधनाविषयी. ऑक्टोबरात जाणाऱ्या रुग्णाचे शरदातील विरेचन योजिले असेल, तर ते संसर्जनक्रम पूर्ण होऊन मध्ये निदान आठ दिवस राहतील अशा बेताने प्रवासापूर्वी उरकावे; तसे जमत नसल्यास परतल्यावर आठवडाभर येथील आहारविहार हळूहळू पूर्ववत होऊ द्यावा आणि मगच स्नेहपानास आरंभ करावा.