पोरीनं स्नूकर खेळलं तर?

आमच्या मंचर-नारायणगावकडे ‘स्नूकर’ म्हटलं की आयांच्या कपाळाला आठ्या पडतात. स्टँडमागचा गाळा, काळ्या काचा, दारात मोटारसायकली आणि आत सिगारेटचा धूर. हे चित्र अगदीच खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. पण गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एकीनं हळूच विचारलं, “ताई, लेक म्हणते स्नूकर शिकायचंय. चुलतभावाबरोबर दोनदा जाऊनही आली. हाणू का दोन?”

म्हटलं, आधी खेळ काय आहे ते तरी बघू. मग हाण.

मैत्रिणींनो, हा खेळ परदेशातून आलेला नाही, इथूनच तिकडे गेला. जबलपूरच्या छावणीत १८७५ च्या सुमारास नेव्हिल चेंबरलेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तो काढला, असं सांगतात. स्नूकरचा थोरला भाऊ म्हणजे बिलियर्ड्स. त्यात १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. वैयक्तिक खेळातले स्वतंत्र भारताचे ते पहिले जगज्जेते. आपल्याच जिल्ह्यातला माणूस, पण आपल्याला कुठे ठाऊक असतं?

आणि मोठी व्यावसायिक मानांकन स्पर्धा तर आपल्या मुंबईतच झालीय. मार्च २०१५ मध्ये ग्रँड हयात हॉटेलात ‘इंडियन ओपन’ भरली. वेल्सच्या २३ वर्षांच्या मायकेल व्हाइटनं रिकी वॉल्डनला ५-० असं हरवलं आणि ५० हजार पौंड नेले. तेव्हाचे पंचेचाळीस लाखांच्या वर! त्याआधी २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये मुंबईचा आदित्य मेहता अंतिम फेरीत पोचला होता. चीनच्या डिंग जुनहुईपुढे तो हरला, पण मानांकन स्पर्धेत इतक्या पुढे जाणारा तो पहिलाच भारतीय.

मानांकनाचा हिशेब मला फार आवडला. २०१४ पासून बक्षिसाचा प्रत्येक पौंड म्हणजे एक गुण. दोन वर्षांची कमाई धरायची, त्याआधीची वहीतून खोडायची. पहिल्या ६४ जणांत राहिलात तर जागा पक्की, नाहीतर पुन्हा पात्रता फेरीच्या रांगेत. जुन्या पुण्याईवर बसून खायची सोयच नाही. (आमच्याकडच्या काही पुढाऱ्यांना हा नियम लावायला हवा!)

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या व्यावसायिक स्पर्धांत बाई-पुरुष असा भेद नाही. टेबल तेच, बारा फूट लांब, सहा फूट रुंद. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत आणि मारायचा एक पांढरा. ताकद लागत नाही. लागते नजर, हात स्थिर ठेवण्याची सवय आणि पुढचे तीन-चार फटके आधीच मनात मांडायची अक्कल. इंग्लंडची रियान इव्हान्स लेकीला वाढवता वाढवता बारा वेळा महिलांची विश्वविजेती झाली. २०१३ मध्ये चीनमधल्या वुशी क्लासिकच्या पात्रता फेरीत एका पुरुष खेळाडूला हरवून मानांकन स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचलेली ती पहिली बाई. आपल्या पुण्याची अरांक्सा सँचिसही भारताकडून खेळली.

हे सगळं सांगितल्यावर ती आई म्हणाली, “खेळ चांगलाय हो ताई. पण टेबलावर वाकायचं असतं, आणि बघणारे सगळे टपोरी.” आता यावर काय बोलणार? तिची भीती खरीच आहे. पोरीला घरी बसवून टपोरी काही सुधारणार नाहीत, पण ते टपोरी आहेत हेही खरंच. दोष खेळाचा नाही, जागेचा आहे. आणि जागा बदलता येते, असं मला वाटतं.

म्हणून आम्ही तिघी जणी त्या गाळ्यावर गेलो. आम्हाला बघून आतली पोरं मागच्या दारानं पसार! मालक आधी बिचकला, मग खुर्च्या पुसायला लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन ते चार गाळा फक्त मुलींसाठी, सिगारेट बंद, काचांवरचा काळा कागद काढायचा आणि एक आई बसून राहणार, एवढं ठरलं. तासाचे पैसे निम्मे कर म्हटलं, तर लाइटबिल दाखवायला लागला. शेवटी पाऊण भाड्यावर आला.

आतापर्यंत चार मुलींनी नावं दिली आहेत. त्या आईनं अजून दिलेलं नाही, पण परवा भाजी घेताना तिनं विचारलं, “बसायला मी आले तर चालेल का?”