फिश सॉसची बाटली घेताना आकडा बघा

आपली मासळी ज्या हॉटेलांच्या, शॅकच्या स्वयंपाकघरात जाते, तिथं थायलंड-व्हिएतनामच्या फिश सॉसची बाटली असतेच. जहाजावर नोकरी करून आलेल्या आपल्या पोरांनाही तिची चव लागलीय. दुकानात मात्र सगळ्या बाटल्या सारख्याच तांबूस दिसतात, आणि भावात फरक केवढा तरी!

मुळात यात असतं काय? आपल्या मांदेलीच्या कुळातली अँकोव्ही नावाची बारीक मासळी आणि मीठ. साधारण तीन भाग मासळी, एक भाग मीठ. व्हिएतनामच्या फू क्वॉक बेटावर मासळीला होडीवरच मीठ लावतात, आणि मग वर्षभर मोठाल्या लाकडी पिंपांत मुरवतात. पहिला निथळतो तो अस्सल रस. नंतर त्याच गाळात मिठाचं पाणी ओतून दुसरा, तिसरा रस काढतात. तोही फिश सॉस म्हणूनच विकला जातो.

हा फरक ओळखायचा नायट्रोजनच्या आकड्यावरून. बाटलीवर 40 आणि पुढं इंग्रजी एन असेल तर लिटरमागे 40 ग्रॅम नायट्रोजन, म्हणजे मासळीचा अंश भरपूर. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात किमान 10 ग्रॅम लागतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. बाहेरून प्रथिनांचा अर्क घालूनही आकडा वाढवता येतो, म्हणून घटकांची यादी वाचाच.

रेड बोटच्या 40 आकड्याच्या बाटलीत फक्त मासळी आणि मीठ. थायलंडच्या स्क्विड ब्रँडमध्ये मासळी, मीठ आणि साखर. (नावात माणकी असली तरी आत माणकी नाही!) आमचं मत विचाराल तर बुडवून खायला पहिली घ्यावी. लिंबाचा रस, साखर, दुप्पट पाणी, ठेचलेली लसूण-मिरची घाला, तळलेल्या मांदेलीबरोबर झकास लागते. रस्सा, नूडल्स, परतलेला भात यांना दुसरी पुरते. नारळाच्या रसात आणि मोठ्या आचेवर महागड्या बाटलीचा वास कुठं राहतो?

बीपीवाल्यांनी जपून. एका मोठ्या चमच्यात तीन ग्रॅमच्या वर मीठ असतं, म्हणजे दिवसाच्या 5 ग्रॅमच्या मर्यादेतलं अर्ध्याहून जास्त. सॉस घातला की वरून मीठ नको.

आता बोटमालकांसाठी. फू क्वॉकच्या सॉसला 2012 मध्ये युरोपियन युनियननं नावाचं संरक्षण दिलं. फिलिपिन्समध्ये तारल्यांच्या जातीच्या मासळीचाही सॉस होतो, त्याला पाटिस म्हणतात. आपल्याकडं तारले भरपूर लागले की ढीग फिशमीलच्या गाडीत जातो, तोही पडेल भावात. सॉसला लागते ती मासळी बारीक असली तरी चालते, शिळी चालत नाही. मीठ लावायला उशीर झाला की हिस्टामीन वाढतं, आणि ते नंतर मुरवूनही जात नाही. म्हणून ते लोक मिठाची पोती होडीवर घेऊनच समुद्रात जातात.