प्रकल्पावरचा हुद्दा आणि माणसाची उन्नती

मालवण, कुडाळ, वेंगुर्ले या टापूतील घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे चाकरीसाठी मुंबईस गेली, आणि गिरणीत, गोदीत किंवा सरकारी कचेरीत एकदा कायम झालेला मनुष्य वर्षांच्या क्रमाने बढती घेत अखेर निवृत्तिवेतनापर्यंत पोहोचतो, हीच नोकरीतील उत्कर्षाची कल्पना आपल्या समाजाच्या मनात दृढ झाली. परंतु आज मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन बाहेर पडणारा तरुण पुष्कळदा अशा संस्थेत रुजू होतो, की जिथे एखादा पूल, एखादे धरण किंवा एखादी संगणकप्रणाली सिद्ध करण्यापुरती माणसे एकत्र येतात, आणि ते कार्य तडीस गेले की त्यासाठी निर्माण झालेला हुद्दाही संपुष्टात येतो. मग अशा ठिकाणी प्रकल्पाचा कारभार पाहणाऱ्या माणसाची उन्नती कशाने मोजावी आणि तिची काळजी कोणी वाहावी, हा प्रश्न त्या तरुणाइतकाच त्याच्या आईवडिलांनाही पडणे स्वाभाविक आहे.

या प्रश्नाचे एक जुने उत्तर मालवणच्या समोरच समुद्रात उभे आहे. 1664 साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, त्या सिंधुदुर्गाशी परंपरा हिरोजी इंदुलकर यांचे नाव जोडते. आणि रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात तेथील वास्तू उभारणारे म्हणून त्यांचेच नाव कोरलेले आहे. परंपरा प्रमाण मानली, तर जलदुर्गाचे काम उरकल्यावर त्या माणसाकडे राजधानीचे काम आले. त्याची बढती ती हीच.

याचा अर्वाचीन व सविस्तर दाखला म्हणजे कोकण रेल्वे. बॅरिस्टर नाथ पै व प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी ज्या मार्गासाठी वर्षानुवर्षे आग्रह धरला, त्याच्या उभारणीसाठी 1990 साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि रोहा ते ठोकूर हा सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण खुला झाला. महामंडळाचे अध्यक्ष ई. श्रीधरन यांनी या मार्गाचे सात विभाग पाडले. महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार व उडुपी या प्रत्येक विभागावर एकेक मुख्य अभियंता नेमून सुमारे शंभर किलोमीटरच्या कामाची मुखत्यारी त्याच्या हाती दिली. भूसंपादन, कंत्राटदार, पावसाळा आणि मुदत या सर्वांचा एकत्रित भार स्वतःच्या निर्णयावर पेलण्याची जी संधी अशा माणसास जागेवर मिळते, ती वरिष्ठांच्या सहीसाठी कागद पुढे सरकवण्यात वीस वर्षे घालवूनही मिळत नाही.

स्वतः श्रीधरन यांची वाटचाल याच मार्गाने झालेली आहे. 1964 च्या वादळात उद्ध्वस्त झालेला पांबनचा पूल 46 दिवसांत पुन्हा उभा करणारा हा तरुण अभियंता पुढे कोलकात्याच्या भुयारी रेल्वेच्या आखणीत, कोचीनच्या जहाजबांधणी कारखान्यात, नंतर कोकणात आणि 1997 पासून दिल्लीच्या मेट्रोवर गेला. दर वेळी संस्था निराळी होती, पण प्रत्येक पावलागणिक कामाचा व्याप, त्यातील जोखीम आणि निर्णयाचा अधिकार वाढत गेला. प्रकल्पावरील माणसाची उन्नती मोजण्याची खरी मापे हीच तीन होत.

तथापि एवढ्यावर सगळा भार व्यक्तीच्या कर्तृत्वावर टाकून संस्थेने हात झटकणे न्याय्य ठरणार नाही. प्रकल्पावर आलेली बरीच माणसे मूळ खात्यातून उसनी आणलेली असतात. कोकण रेल्वेच्या उभारणीतही भारतीय रेल्वेतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी पुष्कळ होते. अशा माणसाचे रोजचे काम प्रकल्पप्रमुख पाहतो, पण त्याची सेवाज्येष्ठता व बढती मूळ खात्याच्या दप्तरात असते, आणि दोन धन्यांच्या मध्ये त्याचे श्रम कोणाच्याच नोंदीत न येण्याचा धोका असतो. म्हणून प्रकल्पप्रमुखाचा अभिप्राय बढतीच्या वेळी विचारात घेणे, एक काम संपत आले असतानाच त्या माणसाच्या पुढील कामाची तजवीज करणे आणि मधल्या रिकाम्या काळात त्यास प्रशिक्षण देणे, ही संस्थेची कर्तव्ये आहेत. कोकण रेल्वेपुढेही मार्ग पूर्ण झाल्यावर हाच प्रश्न उभा राहिला असणार. पुढे काश्मीरच्या रेल्वेमार्गातील कटरा ते धरम या दुर्गम टप्प्याचे काम तिने स्वीकारले, आणि याच टप्प्यातील, नदीपात्रापासून 359 मीटर उंचीवरचा चिनाबचा पूल 6 जून 2025 रोजी राष्ट्रास अर्पण झाला. नव्या कामाची अशी परंपरा चालू राहिली, तरच अनुभवी माणसास संस्थेत राहण्यात अर्थ वाटतो.

यात केवळ नोकरदारांचे हित नाही. 22 जून 2003 रोजी याच कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीस भीषण अपघात झाला आणि सुमारे पन्नास माणसे प्राणास मुकली. डोंगर कापून काढलेला मार्ग बांधून झाला म्हणजे त्याची चिंता संपत नाही, हे त्या दुर्घटनेने सर्वांस जाणवून दिले. कोणत्या कटाईत माती कशी लागली, पाणी कोठून झिरपले, हे बांधणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिलेले असते. तो माणूस काम संपताच निरोप घेऊन गेला आणि त्याचे ज्ञान कोठेही नोंदले गेले नाही, तर पुढील पिढीस ते मोठी किंमत देऊन पुन्हा मिळवावे लागते.

म्हणून प्रकल्पावर जाणाऱ्या तरुणाने पहिल्याच दिवसापासून आपल्या निर्णयांची, त्यांच्या कारणांची व परिणामांची टिपणे ठेवावीत; हिशेब, करारमदार व माणसांशी वागण्याची रीत या गोष्टी आपल्या तांत्रिक विद्येइतक्याच कसोशीने शिकाव्यात; आणि पुढचे काम निवडताना पगाराबरोबरच आपल्या हाती किती जबाबदारी येणार आहे हेही विचारावे. त्याच्या घरच्यांनीही ‘कायम झालास का?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘या कामात कोणता भार तू स्वतः उचललास?’ असे त्यास विचारावे. कारण एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना हुद्दा मागे राहतो, पण पेललेल्या जबाबदारीतून आलेली योग्यता माणसाबरोबर जाते आणि पुढचे मोठे काम त्याच्यावर सोपवण्यास तीच आधार ठरते.